मान सरळ, तोंड बंद, समोर केक

घरात फोटोवाला असताना बाहेरून फोटोवाली बोलवायची? ऐकूनच फोटोवाल्याला ठसका लागला. चहा शर्टावर सांडला. पुसत पुसतच तो बायकोला म्हणाला, "म्हणजे शिंप्याच्या बायकोने बटण लावून घ्यायला शेजारी जायचं, तसंच झालं की!"

रविवारी लेकीचा पहिला वाढदिवस होता. बायकोने फोनवर एका बाईची कामं शोधून काढली होती. ही बाई घरी येऊन केक स्मॅशचे फोटो काढायची. वर्षाच्या पोराला नवे कपडे घालून केकसमोर बसवायचं, पोर दोन्ही हात केकमध्ये खुपसतं, तोंड माखून घेतं, खिदळतं, आणि आपण तो सगळा राडा टिपायचा. बायको एकेक फोटो सरकवत होती. पोरं तर गोड होतीच, पण बायको थांबत होती ती शेवटच्या फोटोंवर. त्यात पोर आईच्या मांडीवर असायचं आणि आईच्याही गालाला क्रीम लागलेलं असायचं.

"ही आयांचेसुद्धा काढते," बायको म्हणाली.

"मग मी काय गुरांचे काढतो?"

आता उगाच लपवाछपवी कशाला, तो काय काढायचा ते सांगूनच टाकू. चौकात त्याचं दुकान होतं, एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन दिवे. ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना. मान सरळ, तोंड बंद, डोळे उघडे, कान दिसू देत, सावली नको. हसलेल्या माणसाचा फोटो कचेरीतून परत येतो, त्यामुळे दुकान उघडल्यापासून त्याने तिथे कुणाला हसू दिलं नव्हतं. अख्ख्या वस्तीच्या पाकिटांत त्याने काढलेले चेहरे होते, आणि झाडून सगळे कुठल्या तरी गुन्ह्यात हवे असल्यासारखे दिसत होते. ही त्याची कला! आणि या कलेच्या जोरावर स्वारी केक स्मॅश टिपायला निघाली होती.

बायकोने वाद घातला नाही. फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बरं, तूच काढ. पण एक अट आहे. एक फोटो मला हवाय, मी आणि ती. सोमवारपासून मी कामावर जाणार. दिवसभर ती दिसायची नाही, तर निदान टेबलावर तेवढा एक असू दे."

"एवढंच ना! अगं, वर्षभरात तुमच्या दोघींचे हजार काढलेत मी. त्यातलाच एक देतो."

"दे मग," बायको म्हणाली, आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. फोटोवाल्याला ते कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी त्याने बसायच्या खोलीची पार दशा करून टाकली. सोफा स्वयंपाकघराच्या दारात ढकलला, त्यामुळे ज्याला पाणी हवं त्याने सोफ्यावर चढून पलीकडे उतरायचं. दुकानातला पांढरा पडदा काढून पडद्यांच्या दांडीला टांगला. दोन्ही दिवे आणले. ते लावायला फ्रिजची वायर काढली, आणि ती काढल्याचं विसरला. चौरंगासारखं एक बुटकं टेबल मध्ये ठेवून त्याच्यापुढे तो स्वतः पोटावर झोपला. पोट आडवं येत होतं म्हणून मग कुशीवर झाला. घरातल्या घरात तो असा गंभीरपणे लोळत होता, जणू खिडकीबाहेर वाघ बसलाय.

तेवढ्यात त्याची मोठी बहीण आली. ताई केक घरीच करायची आणि त्याबद्दल कुणी काही बोललेलं तिला खपायचं नाही. दोन मजले चढून तिने तो पांढराशुभ्र केक अंगाला चिकटवून आणला होता. दारातूनच तिने ओरडून विचारलं, "अरे ए फोटोवाल्या, मेलास का काय?"

"प्रकाश बघतोय, ताई."

"उठ आधी. केक फ्रिजमध्ये ठेवायचाय."

फ्रिज बंद असल्याचं तेव्हा कळलं. ताई जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.

एवढ्यात बायको लेकीला घेऊन बाहेर आली. लेकीला ते ठमी म्हणत. ठमीच्या अंगात निळा फ्रॉक होता. बायकोने पिवळा ड्रेस घातला होता, नवा. केस धुऊन मोकळे सोडले होते, कानात काहीतरी लोंबतं घातलं होतं. लेक झाल्यापासून तिने एवढं नटायला वेळच कुठे काढला होता! ताई म्हणाली, "वा गं, आज काय बाई!" फोटोवाल्याने मात्र एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तो बोलला ते वाक्य आठवलं की पुढे कित्येक दिवस त्याचे कान गरम व्हायचे. तो म्हणाला, "तू जरा बाजूला हो. तुझा पिवळा रंग भिंतीवर पडतोय."

ठमीला टेबलामागे बसवलं. पुढ्यात केक. ठमीने केक पाहिला, डोळे चमकले, हात पुढे गेला. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला, सवयीने डाव्या हाताची चुटकी वाजवली आणि म्हणाला, "हं, इकडे."

ठमीने हात मागे घेतला. मान सरळ केली. तोंड घट्ट मिटलं. डोळे वटारून थेट भिंगात बघत ती अशी बसली की कान, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. पासपोर्ट कचेरीने डोळे मिटून शिक्का मारावा, इतका निर्दोष फोटो.

"हिला काय झालं?" ताई घाबरून म्हणाली.

काय होणार! बायकोला दुपारी घटकाभर डोळा लागावा म्हणून फोटोवाला लेकीला दुकानात नेऊन बसवायचा. काउंटरवर बसून तिने सहा महिने तेच तर पाहिलं होतं. बाबाने चुटकी वाजवली की येणारा प्रत्येक माणूस, मग तो म्हातारा असो की कॉलेजातला, ताठ होतो आणि तोंड मिटतो. जगाची रीतच ही असणार, असं पोरीने धरून ठेवलं. इतर पोरं टाळ्या वाजवायला शिकतात, बाय-बाय करायला शिकतात. याची लेक वाहन परवान्याला बसायला शिकली होती. आणि बापाला पत्ता नाही, बाप आपला "किती शांत पोर आहे माझी" म्हणून वस्तीभर शेखी मिरवत होता.

त्याने कॅमेरा खाली केला. ठमीचा हात केककडे गेला. कॅमेरा वर केला, हात मागे आणि मान सरळ. खाली, केक. वर, परवाना. ताईला हसू आवरेना. फोटोवाल्याने मग होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. तो भुंकला. मांजर झाला. स्वतः केकमध्ये बोट घालून चाटलं, तर ताईने हातावर चापट मारली. शेवटी कॅमेरा डोळ्याला लावून तो एका पायावर नाचला, दिव्याच्या वायरीत अडकला आणि सोफ्यावर पालथा पडला. ठमी भिंगाकडे बघत होती. पापणीसुद्धा हलवली नाही बाईने.

मग ती रडायला लागली. बाप असा वागताना पाहून कुठलं पोर नाही रडणार? आई बाजूला उभी होती, तिच्याकडे हात करून ठमीने भोकाड पसरलं. बायको चटकन मागे जाऊन बसली, तिला मांडीवर घेतलं. रडं थांबलं. ठमी आईला टेकून आरामात बसली आणि केकचा एक लपका उचलून तिने खुशाल तोंडात कोंबला.

"हे बघ, बसली!" बायको म्हणाली. तिने केस मागे सारले, ठमीच्या डोक्याला गाल लावला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

तसं पाहिलं तर फोटो तिथेच झाला होता. बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं, दाबायचं काय ते बाकी होतं. पण फोटोवाल्याच्या डोक्यात भलतीच चक्रं फिरायला लागली.

दुकानात तान्ह्या पोरांचा फोटो काढणं मोठी कसरत असते. पोर एकटं बसत नाही, आणि फोटोत दुसऱ्या कुणाचं बोटसुद्धा आलेलं चालत नाही. म्हणून आईला स्टुलावर बसवायचं, डोक्यावरून पांढरी चादर पांघरायची, आणि चादरीआडून तिने पोर धरायचं. फोटोत फक्त पोर आणि मागे पांढरं. आई गायब. या चादरीच्या कामात त्याचा हात धरणारा वस्तीत कुणी नव्हता.

"थांब, हलू नकोस," तो उत्साहाने म्हणाला, आणि पिशवीतून चादर काढून त्याने ती नवीन पिवळ्या ड्रेससकट, धुतलेल्या केसांसकट, कानातल्यांसकट बायकोच्या डोक्यावर टाकली.

चादरीतून आवाज आला, "अरे, आणि माझा फोटो?"

"नंतर काढू ना! आधी केकचे होऊ देत. हात आत घे, कोपर दिसतंय."

ताईने कपाळाला हात लावला. भावाला ते दिसलं नाही, त्याचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा भिंगात होता.

ठमीने मागे पाहिलं. आत्ता इथे आई होती आणि आता एक पांढरा ढीग होता. तिने केकमध्ये दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले, तसेच बाहेर काढले, वळली आणि ढिगावर चढून चादर ओढायला लागली. चादर घसरली. आतून बायकोचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले, एक कानातलं चादरीत अडकलेलं. आई सापडली म्हणताना ठमी किंचाळली आणि तिने क्रीमने भरलेले दोन्ही तळवे आईच्या गालांवर थापले. एकदा, दोनदा, नाकावर, कपाळावर. ठमी खदाखदा हसत होती, आणि बायको, डोळ्यांत क्रीम गेलं तरी हसत होती. इतकं हसताना त्याने तिला कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

आणि फोटोवाल्याने काय केलं असेल? कॅमेरा खाली घेतला. "हात! अगं, हात दिसतायत तुझे! आणि हिची पाठ माझ्याकडे आलीय, सरळ बसव तिला!"

"अरे बटण दाब, शुंभा!" ताई ओरडली. "दाब ना बटण!"

त्याने कॅमेरा वर नेला तोपर्यंत ठमीने ते पाहिलं होतं. तिने वळून मान सरळ केली आणि तोंड मिटलं. टेबलाला बसलेल्या धक्क्याने केक गालिच्यावर उपडा पडला. बायकोचं हसूही तेवढ्यात मावळलं.

तिने डोळे पुसले. पिवळा ड्रेस छातीपासून गुडघ्यापर्यंत बरबटला होता.

"परत बसूया," फोटोवाला म्हणाला. "दोन मिनिटांत. मी चादर..."

"राहू दे," बायको म्हणाली.

ती चिडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त उठली, ठमीला कडेवर घेतलं, सोफ्यावर चढून पलीकडे उतरली आणि दोघी मोरीत गेल्या. ताई गालिच्यावरचा केक चमच्याने गोळा करत म्हणाली, "सकाळी पाचाला उठून केला रे." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या केकचं सोड. तिच्याकडे बघ."

तो बघणार होता. पण आधी पुरावा हवा होता. हजार फोटो काढलेत म्हणाला होता ना! त्याने लॅपटॉप उघडला. त्यातला एखादा झकास निघाला की झालं, जाऊन तिच्या हातात द्यायचा.

पहिल्या महिन्यातली ठमी, दुपट्यात. दुपटं धरणारं एक मनगट. दुसऱ्या महिन्यातली ठमी, तिच्या मानेखाली एक तळवा. ठमी आंघोळ करताना, वरून पाणी घालणारा हात कोपरापर्यंत. ठमी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिच्या दोन मुठींत दोन बोटं. हात, खांदा, ओढणीचं टोक. बागेत ठमी, मागे बाकावर मान कापलेली एक बाई. आणि मग तो पांढरा ढीग. ठमीसमोर बाहुली, मागे ढीग. ठमीच्या पुढ्यात चेंडू, मागे ढीग. एका फोटोत ढिगाखालून एक पाऊल बाहेर आलं होतं, नखांना लाल रंग लावलेलं. ते पाऊल राहिलं कसं, म्हणून त्याला पहिल्यांदा रागच आला. मग त्याने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला आणि बराच वेळ गालिच्यावरच्या तेलकट डागाकडे बघत बसला.

वर्षभर ही बाई त्याच्यासमोर बसली होती, आणि हा कुशल कारागीर वर्षभर तिला पुसत होता. बरं, पुसलं तेही किती सफाईने! कुठे रेघ म्हणून राहू दिली नव्हती.

बायको ओले केस पुसत बाहेर आली. ठमी झोपली होती.

"एकही नाहीये," तो म्हणाला. काहीतरी हुशारीचं बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं होतं, पण एवढंच बाहेर आलं. "मी हजार म्हणालो होतो."

"माहितीये मला," बायको म्हणाली. "गेल्या आठवड्यात मी सगळे बघितले होते. म्हणून तर त्या बाईला बोलवत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. ही आयांचेसुद्धा काढते म्हटलं. तू गुरांचं काहीतरी बोललास."

"आत्ता काढू?"

"आता नको. केसांत अजून क्रीम आहे आणि रडून डोळे सुजलेत." रडल्याचं तिने असं सहज सांगून टाकलं, जसं दूध संपलंय सांगावं.

सोमवारी सकाळी बायको कामाचे कपडे घालून दारात उभी राहिली. खांद्याला पर्स, हातात डबा, एका पायात चप्पल. दुसरी चप्पल ठमीने धरून ठेवली होती. आई निघाली हे पोरीला बरोबर कळलं होतं. बायकोने तिला शेवटचं म्हणून उचललं, तर ठमीने पर्सचा पट्टा आणि आईची मान एकदमच पकडली आणि टाहो फोडला. दिवसभर ठमीला सांभाळायला आलेली ताई तिला घ्यायला पुढे झाली तर लाथ बसली. "कशी जाऊ मी?" बायको म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

फोटोवाला मागच्या खोलीतून कॅमेरा घेऊन आला. दिवे नव्हते, पडदा नव्हता. दारातून एका बाजूने ऊन येत होतं, त्यामुळे बायकोचा अर्धा चेहरा सावलीत होता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. चुटकी वाजवली नाही. वाजवायची गरजच नव्हती.

ठमीला कॅमेरा दिसला. टाहो मध्येच थांबला. आईच्या कडेवर, गालांवर आसवं, नाकातून शेंबूड, अशा अवस्थेत तिने मान सरळ केली, तोंड घट्ट मिटलं आणि भिंगात रोखून पाहिलं, सरकारी कामात हयगय नको म्हणून.

बायकोने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. साधंसुधं नाही, मान मागे टाकून, तोंड उघडं, डोळे मिटलेले, डबा हातातून सुटतोय याचंही भान नाही.

"डोळे उघ..." फोटोवाल्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने जीभ दाताखाली धरली, चांगली जोरात धरली, आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डबा पडला, तेव्हाही दाबलं.

त्या हसण्याच्या नादात ठमी ताईकडे कधी गेली तेही कुणाला कळलं नाही. बायको बससाठी पळाली, आणि फोटोवाला दुकानात.

मशीनवर फोटो टाकला तर त्याच्यावर आपोआप एक चौकट पडली. डोळे उघडे, तोंड बंद, मान सरळ, असा चेहरा शोधून तेवढाच कापायचं त्यानेच मशीनला शिकवून ठेवलं होतं. मशीनने इमानेइतबारे ठमीला शोधलं. बाजूची हसरी बाई चौकटीबाहेर. "वा रे शिष्या," तो मशीनला म्हणाला, आणि त्याने ती चौकट काढून टाकली. अख्खा फोटो छापला, सावलीसकट, निसटत्या डब्यासकट.

संध्याकाळी बायको घरी आली, तेव्हा तो दारातच उभा होता. त्याने फोटो तिच्या हातात दिला. तिने एका हाताने ठमीला कडेवर घेतलं आणि फोटो उजेडात धरला.

"माझे डोळे मिटलेत."

"हो."

"दात दिसतायत."

"सगळे दिसतायत."

"अर्ध्या तोंडावर सावली आहे. असा कुणी दुकानात आणला तर?"

"हाकलून देईन."

"मग मला का देतोयस?"

फोटोवाल्याने दिवसभर या प्रश्नाचं एक झोकदार उत्तर घोकून ठेवलं होतं. ते ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे. "कारण यात तू आहेस," तो म्हणाला. "मला तू खूप आवडतेस, आणि मी वर्षभर तुझ्यावर चादर टाकत होतो."

ठमी फोटोवर वाकली. तोंडातलं बिस्किटाने माखलेलं बोट काढून तिने फोटोतल्या आईच्या नेमकं नाकावर टेकवलं आणि तिथे एक चांगला ओला, चिकट डाग उमटला. "कडेने धरा, बोटं लावू नका" हे वाक्य फोटोवाला दिवसातून शंभरदा बोलायचा. त्याचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला.

"राहू दे," बायको म्हणाली.

त्याने रुमाल खिशातच राहू दिला.